तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्तातली वाइड लेन्स

उन्हाळा लागला की हा प्रश्न येतोच. फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला कॅमेरा) घेऊन झालेला असतो, आकाशगंगा काढायची असते, आणि विचारणा होते: 'व्हिल्ट्रॉक्सची 16 एमएम एफ 1.8 घेऊ का? एवढ्या कमी किमतीत काहीतरी गोम असणारच ना?'

घ्या. पण कोपरे तपासून.

एफ 1.8 हेच तिचं भांडवल. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते. एफ 2.8 पेक्षा जवळजवळ अडीचपट प्रकाश आत येतो, म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 6400 लागला असता तिथे 2500 वर भागतं. मात्र कोपऱ्यातले तारे बरे दिसावेत म्हणून तीच लेन्स 2.8 वर आणावी लागणार असेल, तर 1.8 चे पैसे कशाला मोजायचे?

दुकानात भिंतीचा फोटो काढून यातलं काही कळत नाही. रात्री गच्चीवर ट्रायपॉड लावा आणि लांबचा एकटा दिवा शोधा. मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा उत्तम. लेन्स पूर्ण उघडी ठेवा, दिवा मध्यभागी घेऊन स्क्रीनवर मोठा करा आणि हाताने फोकस करा. मग फोकसला अजिबात न शिवता तोच दिवा एकेका कोपऱ्यात आणून फोटो काढा. ठिपक्याला पंख फुटलेले दिसले तर तो कोमा, म्हणजे लेन्सचा एक दोष. थोडाफार बहुतेक वाइड लेन्सना असतो. चारही कोपऱ्यांत सारखा असेल तर ती त्या डिझाइनची मर्यादा. पण तीन कोपरे ठीक आणि चौथाच फिसकटलेला असेल, तर आतली एखादी काच तिरकी बसली आहे. सरळ परत करा. म्हणून परतीची मुदत आधी विचारायची, घासाघीस नंतर.

फोटोच्या कडा काळवंडतात. सॉफ्टवेअरमध्ये उजळता येतात, पण मग तिथला नॉइजही (दाणेदारपणा) वर येतो. लेन्सवरचा छोटा डिस्प्ले हा नखरा वाटेल, पण अंधारात फोकसचं अंतर त्यावर वाचता येतं. वजन मात्र साधारण 550 ग्रॅम. सोनीची महाग 20 एमएम एफ 1.8 जी 373 ग्रॅममध्ये बसते, आणि रतनगडाच्या शिड्या चढताना हा फरक खांद्याला बरोबर कळतो.

कॅननच्या आरएफ माउंटला (त्यांच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या लेन्स-जोडणीला) ही मिळत नाही. त्यांची स्वतःची 16 एमएम एफ 2.8 आहे, 165 ग्रॅमची, भटकायला झकास.

आणि दिवसा, एफ 8 वर, नुसते किल्लेच काढायचे असतील तर 1.8 च्या नादाला लागूच नका. व्हिल्ट्रॉक्सचीच 20 एमएम एफ 2.8 बघा, ती खिशात मावते.