72 तास

“दादा, जरा ही जीभ बघता का?”

विश्रामबागेतल्या आमच्या मेडिकलबाहेर ते पोरगं गर्दी ओसरायची वाट बघत थांबलेलं. मोबाईलमध्ये स्वतःच्याच जिभेचे फोटो. रोज सकाळी काढलेले.

कंडोमशिवाय संबंध येऊन आठवडा उलटलेला. चौथ्या दिवशी केलेली एचआयव्ही टेस्ट निगेटिव्ह. पण घसा दुखतोय, अंगात कणकण आहे, झोप नाही.

जीभ बघून कुणालाच कळत नाही रे. लक्षणं आलीच तर साधारण दोन ते चार आठवड्यांनी येतात, आणि साध्या फ्लूलाही अशीच असतात. इतक्या लवकरची निगेटिव्ह टेस्टही धरून चालत नाही. म्हटलं, सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या तपासणी-समुपदेशन केंद्रात जा. तपासणी फुकट, नाव गुप्त. पुढच्या टेस्ट कधी करायच्या ते समुपदेशक सांगतील, तीन महिन्यांची टेस्ट चुकवू नकोस.

मग त्यानं विचारलं, “आधी आलो असतो तर काही गोळी होती का?”

होती. पेप म्हणतात. संबंध आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू करायची, जितकी लवकर तितकी चांगली, 28 दिवस घ्यायची.

ते तीन दिवस तो घरात फोनवर लक्षणं शोधत बसला होता. सिव्हिलला का गेला नाही? “कुणी ओळखीचं भेटलं तर?”

हे डोक्यातून जात नाहीये. कुत्रं चावलं तर घरचेच रात्री गाडीवर घालून इंजेक्शनला नेतात. ह्या पोरानं कुणाला सांगायचं होतं?

1097 ही एचआयव्हीची मोफत हेल्पलाईन. तुमच्या पोरांच्या कॉलेजात हा नंबर कुठं लावलेला बघितलाय का?