तुम्ही विचारलंत म्हणून: ते एक जनुक बंद का करत नाही?

"आजाराचं कारण एकच जादा जनुक आहे, हे १९९१-९२ पासून ठाऊक आहे. मग ते बंद का करत नाही?" शार्को-मारी-टूथ १ए हा हातापायांच्या नसांचा आनुवंशिक आजार असलेल्या घरांतून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, बहुतेकदा रागाने. राग रास्त आहे. 'बंद' हा शब्द मात्र चुकीचा आहे, आणि तो आम्हीच लोकांच्या तोंडी बसवला.

हे जनुक म्हणजे पीएमपी-२२. नसेच्या तंतूभोवती गुंडाळलेल्या मायलिन या आवरणातलं एक प्रथिन ते बनवतं, आणि ते बंद करण्याजोगं नाही. सतराव्या गुणसूत्रावरचा सुमारे १४ लाख बेस-जोड्यांचा तुकडा दुणावला की या जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती होतात, आणि १ए होतो. तोच तुकडा गळाला की एकच प्रत उरते. मग पायावर पाय टाकून बसलं किंवा कोपर टेकून राहिलं, एवढ्यानेही नस दबते आणि पाऊल किंवा हात काही दिवस, कधी काही महिने, लुळा पडतो. म्हणजे तीन प्रती जास्त, एक कमी. हिशेबाने पाहिलं तर एक तृतीयांशच कमी करायचं आहे. निम्मं केलं तरी निरोगी माणसाच्या खाली गेलो.

"मग या जनुकाला चालवणारं वरचं बटण दाबा," हा पुढचा प्रश्न. वर बटण नाही, साखळी आहे. सॉक्स-१० आणि ऑक्ट-६ ही जनुकं चालवणारी प्रथिनं मिळून तशाच तिसऱ्याला, क्रॉक्स-२० ला, जागं करतात; क्रॉक्स-२० मायलिनची प्रथिनं आणि चरबी बनवणारी जनुकं चालवतं आणि मायलिनला रोखणाऱ्या सी-जूनला दाबून ठेवतं. क्रॉक्स-२० नसलेल्या उंदरांत मायलिन गुंडाळणाऱ्या श्वान पेशी एकेका ॲक्सॉनला, म्हणजे नसेच्या तंतूला, बिलगतात, आणि तिथेच थांबतात. पण हेच क्रॉक्स-२० पीएमपी-२२ सुद्धा चालवतं. ते खाली ओढलं तर मायलिनच कोलमडतं. पूर्वी मीही क्रॉक्स-२० ला 'मुख्य स्विच' म्हणत असे. तेव्हा सांगायला सोपं जायचं. आज तो शब्द खोटा वाटतो.

प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये हे स्पष्ट दिसतं. नुसत्या श्वान पेशींना, पेशीतला सायक्लिक एएमपी हा संकेत-रेणू वाढवणारं फोर्स्कोलिन दिलं, तर क्रॉक्स-२० आणि मायलिनचं प्रथिन पी-झीरो वर येतात, पण मायलिनचं वेटोळं एकही पडत नाही. त्याला ॲक्सॉन लागतो. म्हणून उंदराच्या भ्रूणातल्या मणक्यालगतच्या संवेदी गंडिका (चेतापेशींचे पुंजके) कोलॅजनचा थर दिलेल्या काचेवर लावतात, विभाजनरोधक औषधाच्या फेऱ्या देऊन फायब्रोब्लास्ट या नको असलेल्या पेशी मारतात, ॲक्सॉनचं जाळं पसरलं की वर श्वान पेशी सोडतात. पेशींनी ॲक्सॉन झाकले की मगच क जीवनसत्त्व, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. माध्यमात ते टिकत नाही, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी ताजं. दोनेक आठवड्यांत रंगवून पाहिलं की ॲक्सॉनवर मायलिनचे सरळ, लांब तुकडे उमटलेले दिसतात. क जीवनसत्त्व द्यायचं राहिलं तर पेशी रांगेत बिलगून बसतात, पण गुंडाळत नाहीत. कारण त्याच्याविना कोलॅजन नीट विणलं जात नाही, पेशीभोवतीचं आधारपटल बनत नाही, आणि आधारपटल नसेल तर गुंडाळायचा हुकूम सुटत नाही.

याच माहितीतून सगळ्यात मोठी आशा उभी राहिली, आणि सगळ्यात मोठी निराशाही. २००४ साली माणसाच्या पीएमपी-२२ च्या जादा प्रती घातलेल्या उंदरांना क जीवनसत्त्व दिलं. ते जास्त जगले, त्यांची चाल सुधारली, पीएमपी-२२ उतरलं. औषध स्वस्त, ओळखीचं, सुरक्षित. मग माणसांवर चाचण्या झाल्या. इटली-ब्रिटनमध्ये पावणेतीनशेच्या आसपास रुग्णांना दोन वर्षं रोज दीड ग्रॅम. अमेरिकेत शंभराहून थोड्या जास्त रुग्णांना दोन वर्षं रोज चार ग्रॅम. फ्रान्समध्ये वर्षभर एक आणि तीन ग्रॅम देऊन पाहिलं. खोट्या गोळीच्या तुलनेत कुठेही फरक पडला नाही.

ज्यांनी दोन वर्षं नेमाने गोळ्या घेतल्या, त्यांना 'उंदीर म्हणजे माणूस नव्हे' एवढंच सांगून भागत नाही. आम्ही काय चुकलो ते सांगायला हवं. डिशमध्ये क जीवनसत्त्व लागतं, ते तिथे मुळात नसतं म्हणून; रुग्णाच्या शरीरात त्याचा तुटवडा नव्हताच. उंदरांत पीएमपी-२२ उतरलं ते सायक्लिक एएमपी घटल्यामुळे, असं स्पष्टीकरण पुढे आलं. पण मायलिन सुरू करायलाही तोच संकेत लागतो, याची धास्ती तेव्हाच वाटायला हवी होती. शिवाय आजार इतका सावकाश सरकतो की दोन वर्षांत खोटी गोळी घेणाऱ्यांचीही घसरण मोजपट्टीत जेमतेम दिसते. मग औषध निरुपयोगी होतं की मोजपट्टी आंधळी? बहुतेक औषधच, असं मला वाटतं. पण 'बहुतेक' हा शब्द मी खोडू शकलेलो नाही. पुढे पोटरीच्या स्नायूतली चरबी एमआरआयने मोजायला लागले. ती वर्षभरातच वाढलेली दिसते. ही पट्टी तेव्हा हाती असती तर निदान उत्तर तरी साफ मिळालं असतं.

२०१८ साली पीएमपी-२२ च्या संदेशवाहक आरएनएलाच, म्हणजे प्रथिन बनवायला लागणाऱ्या जनुकाच्या नकलेलाच, चिकटणाऱ्या अँटिसेन्स रेणूंनी, लक्षणं दिसू लागल्यानंतर देऊनही, उंदरांच्या नसा सुधारल्या. ही घट थेट आहे. तरी माणसात तो रेणू पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत पसरलेल्या श्वान पेशींत पोचायला हवा, आणि पोचल्यावर एक तृतीयांशावर थांबायला हवा. एका नसेत कमी, दुसरीत जास्त पोचला तर काय, याचं उत्तर मिळेपर्यंत 'बंद करा' म्हणणाऱ्यांना मी 'किती?' असंच विचारत राहणार.