तुम्ही विचारलंत म्हणून: एका ॲपसाठी वेगळी चेन काढावी का?

धुळ्या-जळगावचे तरुण इंजिनिअर भेटले की हमखास विचारतात, 'आमच्या ॲपसाठी स्वतःची लेयर-थ्री, म्हणजे तिसऱ्या थराची, ब्लॉकचेन काढू का?' ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली नोंदवही. परवा रावेरच्या एका मुलानेही विचारलं. त्याला केळीच्या खोक्यांच्या नोंदी ठेवायच्या आहेत.

माझं आजोळ पांझरेकाठचं, त्यामुळे मला हे फड पद्धतीतून, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतून कळतं. इथेरियम ही तळाची ब्लॉकचेन, तो बंधारा. आर्बिट्रम, बेस या तिच्यावर उभ्या असलेल्या लेयर-टू, म्हणजे दुसऱ्या थराच्या चेन, त्यातून निघालेले पाट. पाटाला चारी काढायची आणि त्या फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, तशी एका ॲपची लेयर-थ्री.

फायदा खरा आहे. उसाच्या फडाची पाण्याची पाळी बाजरीला चालत नाही. स्वतःच्या चेनवर शुल्क कोणत्या टोकनमध्ये घ्यायचं, ब्लॉक किती वेळाने करायचा, हे तुम्ही ठरवता. शेजारच्या ॲपवर झुंबड उडाली म्हणून तुमचे व्यवहार अडत नाहीत. सतत बारीक व्यवहार करणाऱ्या गेमला याचा फार उपयोग होतो.

पण चारी काढून बंधाऱ्यातलं पाणी वाढत नाही. इथेरियमचे सहसंस्थापक विटालिक ब्युटेरिन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये हेच मांडलं: एकदा दाबून लहान केलेला डेटा पुन्हा तसाच दाबला जात नाही, म्हणून तिसऱ्या थराला वेगळं काम हवं. शिवाय मार्च २०२४ मध्ये इथेरियममध्ये झालेल्या डेनकून सुधारणेनंतर लेयर-टूच पुष्कळ स्वस्त झाल्या. त्याहून स्वस्ताई हवी, तर पुष्कळ जण डेटा इथेरियमबाहेर, मोजक्या सदस्यांच्या समितीकडे ठेवतात. मग भरवसाही त्या समितीवरच.

पैशांचं तर मी स्वतः भोगलंय. गुणांच्या एका छोट्या योजनेसाठी आम्ही लेयर-थ्री उभी केली. गुणांचं टोकन आमच्या चेनवर, ते विकत घेणारे सगळे लेयर-टूवर. आमची चेन ऑप्टिमिस्टिक रोलअप प्रकारची, म्हणजे व्यवहार खरे धरून हरकतीसाठी मुदत ठेवणारी. अशा चेनमधून अधिकृत मार्गाने पैसे काढायला एका थराला साधारण ७ दिवस, आणि आमचे थर दोन. लोक कंटाळून गेले. ती चूक माझीच होती, बाजार कुठे भरतो ते आधी पाहायला हवं होतं.

आणि पाटकरी? फडाला पाटकरी लागतो, जागल्या लागतो. इथे व्यवहारांचा क्रम लावणारा सिक्वेन्सर बहुधा एकच असतो आणि तो तुम्हालाच सांभाळावा लागतो, नाहीतर पैसे देऊन सांभाळून घ्यावा लागतो. बेसवर उभी असलेली डीजेन चेन ही लेयर-थ्री मे २०२४ मध्ये दोन दिवसांहून जास्त बंद पडली होती. खाली इथेरियम चालूच होतं.

रावेरच्या मुलाला मी म्हटलं, सध्या लेयर-टूवर साधा स्मार्ट करार, म्हणजे चेनवर चालणारा छोटा प्रोग्राम लिही, दिवसभराच्या नोंदींचा एकच हॅश, म्हणजे त्यांच्यावरून काढलेला छोटा ठसा, तिथे टाक. स्वतःचे नियम लागल्याशिवाय अडतंय असं दिसलं, की चारीचं बघू. मग विचारलं, रात्री दोनला चेन थांबली तर उठणार कोण? त्याने थोडा विचार करून एकच नाव सांगितलं, स्वतःचं.