ढेप्याचा पट्टा

कुत्र्याच्या गळ्यातला पहिला पट्टा मी निव्वळ देखणा दिसला म्हणून घेतला, हे आधीच कबूल केलेले बरे. लालभडक, चांगला दीड इंच रुंद, जाड कातड्याचा, वर पितळी चकत्या ठोकलेला आणि मधोमध घुंगरू असलेला तो पट्टा दुकानदाराने समोर ठेवला, तेव्हा बेंदराला सजवून मिरवणाऱ्या बैलांची आठवण झाली आणि मी घासाघीस न करताच पैसे दिले. आमचा ढेप्या तेव्हा वर्षाचा होत आला होता. तो चपट्या तोंडाच्या पग जातीचा, रंगाने थेट नव्या गुळाच्या ढेपेसारखा, म्हणून हे नाव. मुलीने त्याला हौसेने आणला आणि काही महिन्यांतच ती नोकरीसाठी पुण्याला गेली, त्यामुळे त्याच्या गळ्यात काय घालायचे हा प्रश्न माझ्याकडे आला.

तो पट्टा घालून आम्ही रोज संध्याकाळी कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर जाऊ लागलो. समोर दुसरे कुत्रे दिसले की ढेप्या झेपावत असे, पट्टा गळ्यात रुतत असे आणि त्याच्या घशातून फाटक्या भात्यासारखा आवाज येत असे. येणारेजाणारे म्हणत, "बघा, चालता चालता घोरतंय," आणि खोटे कशाला सांगू, मीही त्यांच्याबरोबर हसत असे. मग एके दिवशी चौपाटीवर कुणाच्या तरी हातातला फुगा फुटला. ढेप्या दचकून मागे सरकला, त्याने मान खाली घातली आणि पट्टा कानांवरून सुळकन निघून घुंगरासकट माझ्या पायाशी येऊन पडला. ढेप्या रहदारीच्या दिशेने सुटला होता. भेळेच्या गाड्यावरच्या एका मुलाने चपळाईने त्याला पोटाखाली हात घालून उचलले, म्हणून हे सगळे लिहायला मी आज निवांत बसले आहे.

घरी आल्यावर मी शिवणाची टेप घेऊन त्याची मापे घेतली. मानेचा घेर ३९ सेंटिमीटर भरला आणि कानांच्या मागून घेतलेला डोक्याचा घेर ४१. लांब तोंडाच्या बहुतेक कुत्र्यांचे डोके मानेपेक्षा बरेच रुंद असते, त्यामुळे पट्टा कानांपाशी अडतो. पगच्या बाबतीत हा अडसर जवळजवळ नसतोच. म्हणजे मी घेतलेली वस्तू पुढे ओढले की गळा आवळणारी आणि मागे ओढले की डोक्यावरून निसटणारी होती. ती घट्ट केली तर श्वास अडणार आणि सैल केली तर कुत्रा हातचा जाणार, आणि या दोहोंच्या मधले भोक कोणत्याही पट्ट्याला नसते.

दुसऱ्या दिवशी त्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी पट्ट्याकडे ढुंकूनही न पाहता आधी मला ढेप्याच्या नाकपुड्या पाहायला लावल्या. चांगल्या उघड्या गोल नाकपुड्यांऐवजी तिथे स्वल्पविरामासारख्या दोन बारीक फटी होत्या. पग, शित्झू, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज या जातींचे तोंड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड केले, पण कवटी आखूड झाली त्या प्रमाणात आतले मांस कमी झाले नाही. टाळूचा मऊ पडदा लांब राहिला आणि तो श्वासनलिकेच्या तोंडावर लोंबत राहतो. काही कुत्र्यांची श्वासनलिकाही मुळात अरुंद असते. जे घोरणे आपल्याला गोंडस वाटते, ते बऱ्याचदा हवा या अडथळ्यांतून वाट काढत असल्याचा आवाज असतो.

यातला मला पूर्वी ठाऊक नसलेला भाग उष्णतेचा होता. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जिभेवरून आणि श्वसनमार्गावरून बाष्प उडवून, म्हणजे धापा टाकून, ते अंग थंड ठेवते. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असते. चपट्या तोंडाच्या कुत्र्याची ही थंड होण्याची यंत्रणा आधीच अपुरी असते, आणि त्यात गळ्यावर पट्ट्याचा दाब आला की धाप वाढते, जोराच्या धापेने घशातला मऊ भाग सुजतो, सुजेने वाट आणखी अरुंद होते आणि अंग तापतच जाते. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हाची सगळ्यांना धास्ती असते, पण जुलैतल्या दमट संध्याकाळीही सावध राहावे लागते, कारण हवेत ओल भरलेली असली की बाष्प सहज उडत नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. पगचे डोळे मोठे वाटतात, कारण त्यांच्या खोबण्या उथळ असतात. मानेवर जोराचा दाब आला किंवा डोक्याला मार बसला तर असा डोळा खोबणीबाहेर येण्याचा धोका इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असतो. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ कुत्र्यांच्या ५१ डोळ्यांतला दाब मोजण्यात आला होता. कुत्रे पट्ट्याने ओढत असताना तो लक्षणीय वाढला, पण हार्नेसने, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांनी, ओढत असताना वाढला नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये कृत्रिम मानेवर निरनिराळे पट्टे ताणून पाहिले, आणि ओढताना इजेचा धोका उरणार नाही इतका कमी दाब त्यांतल्या एकाही पट्ट्याने दिला नाही. मऊ अस्तर लावले की पट्टा निर्धोक झाला, या दुकानी बोलण्यावरचा माझा विश्वास तिथे उडाला.

आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांकडे जर्मन शेफर्ड आहे. त्यांनी मला आवळणारी साखळी सुचवली होती. दोनदा झटका दिला की कुत्रे आपोआप शिकते, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या कुत्र्याबद्दलही मला ते पटत नाही; ज्याचा श्वास विनापट्ट्याचाच अडतो, त्याच्या गळ्यात आवळणारी साखळी घालणे हा तर शुद्ध अविचार आहे. तोंडावर चढवायच्या नेहमीच्या मुसकीचा तर प्रश्नच नाही, कारण ती अडकायला मुळात तोंड पुढे आलेले हवे.

उपाय असा निघाला की दोरी हार्नेसला अडकवायची आणि पट्ट्याला फक्त ओळखीचा बिल्ला. मात्र हार्नेस म्हटले की झाले, असेही नाही. मी घेतलेला पहिला हार्नेस छातीवरून आडवा पट्टा जाणारा होता. तो वर सरकून नेमका गळ्याशी येत असे आणि खांद्याची हालचालही अडवत असे. दुसरा अंगरख्यासारखा होता, जाळीचा म्हणून घेतला, पण त्याने सगळी छाती झाकली जाऊन ढेप्या दहा मिनिटांत तापू लागला. तिसरा ठीक निघाला. समोरून पाहिल्यावर त्याचे पट्टे इंग्रजी वाय या अक्षरासारखे दिसतात आणि त्यांचा जोड गळ्याच्या खळगीच्या खाली, छातीच्या हाडावर येतो. पुढच्या पायांमागून जाणारा पट्टा काखेत न रुतता कोपरापासून चांगली तीन बोटे मागे राहतो. ढेप्याच्या छातीचा घेर ५४ सेंटिमीटर आहे, आणि या जातीची छाती पिंपासारखी असल्यामुळे केवळ वजन पाहून माप सांगणारे तक्ते हमखास चुकतात.

हार्नेस घेताना आणखी एक गोष्ट पाहावी, जी मला कोणत्याही दुकानात कोणी सांगितली नाही: मानेभोवतीचे कडे क्लिपने उघडणारे असावे. डोक्यावरून ओढून घालायच्या हार्नेसची कडा पुढे आलेल्या डोळ्यांवरून घासत जाते, आणि पगच्या डोळ्यावर ओरखडा उठायला तेवढे पुरते. घरी आणल्यावर दारे लावून एक परीक्षाही करावी. कुत्र्याच्या समोर उभे राहून दोरी हळूच आपल्याकडे ताणावी आणि त्याला मागे सरकू द्यावे. अंगातून निघायचा असेल तर हार्नेस घरातच निघू दे, रंकाळ्यावर नको.

राहिला पट्टा. वेणीफणीसारखी ती केवळ शोभेची गोष्ट नव्हे, कारण हरवलेल्या कुत्र्याच्या गळ्यात फोन नंबर असणे ही त्याला परत आणण्याची सर्वांत साधी सोय आहे. शेवटी मी चप्पल लाईनीतल्या एका जुन्या ओळखीच्या कारागिरांकडे गेले. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मी तो लाल पट्टा पुढे ठेवून रंकाळ्यावरची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी पट्टा उलटा केला आणि आतल्या बाजूने अंगठा फिरवून मलाही फिरवायला सांगितला. प्रत्येक चकतीच्या मागे रिवेटचे डोके टोचत होते, आणि त्यांतल्या एकाला ढेप्याचे चार केस अडकलेले होते.

"वैनी, बैलाच्या गळ्यात घुंगुरमाळ असती, पण गाडी काय माळंनं वडतोय व्हय? जू खांद्यावर असतंय," मामा म्हणाले. पशुवैद्यांनी अर्ध्या तासात समजावलेली गोष्ट त्यांनी दोन वाक्यांत सांगितली.

त्यांनी सुतळीने ढेप्याच्या मानेचे माप घेतले. पट्ट्यासाठी त्यांनी बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले कातडे निवडले. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचे कातडेही असेच कमावतात. आतून शेळीच्या मऊ कातड्याचे अस्तर आले. रुंदीवर मात्र आमची चर्चा झाली. पट्टा रुंद असला की दाब पसरतो हे खरे, पण पगची मान आखूड आणि वळ्यांची असते, त्यामुळे दीड इंची पट्ट्याची वरची कड जबड्याला आणि खालची कड वळीत घासते. शिवाय आता त्याने ओढायचेच नव्हते. शेवटी २ सेंटिमीटरवर एकमत झाले. मामांनी रापीने दोन्ही कडा तासून गोल केल्या, शिलाई वरच्या अंगाला ठेवली आणि बक्कलाच्या खाली कातड्याची एक जीभ शिवली, म्हणजे धातू अंगाला लागणार नाही. घुंगरू काढून त्यांनी माझ्या हातात दिले. तो सततचा आवाज कुत्र्याच्या गळ्यात, त्याच्याच कानाखाली वाजत असतो, हे मला तेव्हा प्रथम सुचले.

बिल्ल्यासाठी मी भांड्यांवर नावे घालून देणाऱ्याकडे गेले. पितळेच्या रुपयाएवढ्या चकतीवर त्याने एका बाजूला "ढेप्या" आणि दुसऱ्या बाजूला माझा फोन नंबर कोरून दिला. लग्नात द्यायच्या तांब्याच्या सवयीने तो "यांजकडून सप्रेम भेट" असेही घालणार होता, त्याला वेळीच थांबवले. चकतीची कड कानशीने घासून घेतली आणि ती बारीक पण दणकट कडीत अडकवली. मोठी चकती पाणी पिताना भांड्यावर आपटते आणि छोट्या कुत्र्याच्या गळ्याला वजनही होते.

कातड्याचा हा पट्टा जून ते सप्टेंबर मात्र कपाटात असतो. कोल्हापूरच्या पावसात चपलांवर पांढरी बुरशी धरते, तिथे गळ्यातला पट्टा सुटणार नाही. शिवाय भिजून वाळलेले कातडे कडक होते. त्या चार महिन्यांसाठी नायलॉनच्या पट्टीचे दोन पट्टे आहेत, एक गळ्यात आणि एक दोरीवर वाळत. नायलॉनची कापलेली कड विस्तवाने नीट बंद केलेली नसेल तर ती करवतीसारखी होते, म्हणून विकत घेताना ती गालावरून फिरवून पाहावी. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे आडवी, सहज गेली पाहिजेत. रात्री झोपताना आणि दुसऱ्या कुत्र्यांशी मस्ती करताना आम्ही पट्टा काढतो, कारण खेळात एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकू शकतो. पट्टा काढला की त्याखालच्या वळ्या उघडून पाहायच्या, ओल असेल तर मऊ फडक्याने टिपायची. लाली, वास किंवा झडलेले केस दिसले तर त्या दिवसापासून पट्टा बंद आणि पशुवैद्यांना फोन.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मानेचे माप घेऊन कॅलेंडरवर लिहिते, कारण चपट्या तोंडाच्या कुत्र्याच्या मानेवर चरबी चढली की बाहेरून पट्टा घट्ट होतो आणि आतून श्वासाची वाटही अरुंद होते. या रविवारी ४० भरले. पट्टा एक भोक सैल केला आणि शेजारच्या काकूंकडे जाऊन, तुपाची चपाती आजपासून बंद, असे सांगून आले.