आमची वाटचाल : आधी डबा उघडून वास घ्या

सोलापुरात जुन्या फिल्मची रिळं व्हिडिओत उतरवायचं आमचं काम सुरू झालं ते घरच्याच रिळांमुळं. 2012 ला घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांचा प्रोजेक्टर आणि सुपर 8 ची, म्हणजे घरगुती शूटिंगच्या अरुंद फिल्मची, सहा रिळं निघाली, आई म्हणाली लाव की रे एकदा, बघू दे. मग भिंतीवर साधी पांढरी चादर टांगली, प्रोजेक्टर चालू केला आणि समोर हँडीकॅम लावून शूट केलं. टीव्हीवर बघितलं तर चित्र नुसतं लुकलुकतंय. ही फिल्म सेकंदाला 18 फ्रेमनं पळते, आपला व्हिडिओ 25 नं, मेळच बसत नाही. प्रोजेक्टरचा स्पीड जरा कमी करून 16 आणि 17 च्या मधे आणला तेव्हा लुकलुक थांबली. मग ओळखीपाळखीचे लोक रिळं घेऊन यायला लागले.

दोन वर्षांनी अशोक चौकातल्या एका घरचं लग्नाचं रीळ माझ्या हातून जळालं. प्रोजेक्टरच्या गेटमधे, म्हणजे बल्बसमोरच्या चौकटीत, फिल्म अडकली, बल्बची उष्णता तिथंच लागली आणि पडद्यावर नवरीच्या चेहऱ्यावर तपकिरी फोड आल्यासारखा डाग पसरत गेला, हात स्विचपर्यंत जाईपर्यंत वीसेक फ्रेम गेल्या. म्हणजे जेमतेम एक सेकंद, पण दुसरी कॉपी कुठंच नाही. पैसे घेतले नाहीत, ते बिचारे असू द्या म्हणाले, मला मात्र रात्रभर झोप नाही.

त्या दिवसापासून बल्ब बंद. आता थंड एलईडी, छोटी मोटर, मॅक्रो लेन्स, आणि एकेका फ्रेमचा वेगळा फोटो. 50 फुटांचं रीळ चालतं 3 मिनिटं 20 सेकंद, पण त्यात फ्रेम असतात 3600, सेकंदाला दोन काढल्या तरी अर्धा तास जातो, शिवाय आधी पुसणं आणि सुटलेले जोड चिकटवणं आलंच. हे सगळं स्वयंपाकघरात रात्री चालतं, मे महिन्यातसुद्धा पंखा बंद ठेवून, कारण पंख्यानं धूळ उडते. बायको जोड माझ्यापेक्षा चांगले लावते.

आपल्याकडं पत्र्याखालच्या माळ्यावर रिळं ठेवतात आणि सोलापूरचा उन्हाळा तर माहितीच आहे. उष्णतेनं आणि दमटपणानं फिल्मचं ॲसिटेट नावाचं प्लास्टिक विघटित होत जातं, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आक्रसते आणि तिची भोकं प्रोजेक्टरच्या दातांत बसत नाहीत, फाटतेच, म्हणून आम्ही आमच्या यंत्राचे दात काढून नुसते रोलर बसवले. त्या वाफेनं शेजारचं रीळपण बिघडतं.

टिळक चौकातल्या एका आज्जींचं रीळ असंच वासाचं होतं. त्यात संक्रांतीची गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा, निघाली, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच नंदीध्वज डुलत येतोय, आणि कुणाच्या तरी खांद्यावर बसलेलं एक पोरगं. हा माझा धाकटा भाऊ, आज्जी म्हणाल्या. रिळाला आवाज नव्हता. नंदीध्वज पुढं आला तशा आज्जी आमच्या ओट्यापाशी हात जोडून उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, हर्र बोला हर्र.

तुमच्याकडं रीळ निघालं तर एकदा चालवून बघू म्हणून जुन्या प्रोजेक्टरवर लावू नका. आधी वास घ्या, वासाचं रीळ बाकीच्यांपासून वेगळं काढा आणि लवकर घेऊन या. पेन ड्राइव्हवर आलं तरी मूळ रीळ टाकू नका, आम्ही ते नवीन डब्यात घालून परत देतो, माळ्यावर मात्र नको, खालच्या गार खोलीत ठेवा.