हीट नंबर ४६५०० : आमच्या फर्मची वाटचाल

सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आमच्या फर्मचे कार्यालय कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे आणि बहुतेक ग्राहक शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील औद्योगिक वसाहतींतील फौंड्र्या आहेत. इंडक्शन भट्टीच्या एका हीटला, म्हणजे एका वेळी वितळवल्या जाणाऱ्या धातूला, पिग आयर्न (कच्चे लोखंड), स्क्रॅप, रिटर्न (फौंड्रीतच उरलेले, पुन्हा वितळवायचे लोखंड) आणि फेरोसिलिकॉन (लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू) किती घालायचे, याचा हिशेब करणारा सी प्लस प्लसमधील प्रोग्रॅम हे आमचे पहिले उत्पादन. त्यातील गणित नवे नव्हते. कार्बनच्या टक्केवारीत सिलिकॉन आणि फॉस्फरस यांच्या बेरजेचा तिसरा हिस्सा मिळवला की कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे या तिन्हींचा एकत्रित परिणाम सांगणारा आकडा, निघतो, हे भट्टीवरच्या कोणत्याही जाणत्या मेस्त्रीला ठाऊक असते; आम्ही फक्त तो हिशेब मालाच्या त्या दिवसाच्या भावाशी जोडला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत आकडे टाकायचे, चिठ्ठी छापून घ्यायची आणि प्रोग्रॅम बंद व्हायचा. याच उत्पादनावर फर्म उभी राहिली.

पुढे ग्राहकांकडून एकच मागणी वारंवार येऊ लागली, ती म्हणजे बटणे, रकाने आणि मराठी असलेली खिडकी. आम्ही त्यासाठी क्यूटी निवडले. खिडक्या आणि बटणांचा तयार कोड देणारी, १९९५ पासून उपलब्ध असलेली ही लायब्ररी विंडोज आणि लिनक्स या दोन्हींवर एकाच कोडवर चालते आणि देवनागरीची जोडाक्षरे नीट दाखवते. परवान्याच्या अटी वकिलाकडून समजून घेतल्या, तो खर्च लहान फर्मला जड वाटला तरी करावाच लागतो. गणिताचा कोड जसाच्या तसा ठेवून वरून खिडकी बसवायची, एवढेच काम आहे असे अंदाजपत्रकात धरले होते.

प्रत्यक्षात खिडकीमुळे त्या कोडच्या दोन गृहीतकांचा आधारच निघून गेला. जुना प्रोग्रॅम एका हीटपुरता सुरू होऊन संपत असे आणि संपताच त्याने घेतलेली सारी मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत जात असे. खिडकी मात्र अख्खी पाळी उघडी राहते, त्यामुळे प्रत्येक हिशेबामागे न सोडलेले थोडेसेही साठत जाते. दुसरे असे की, पूर्वी कोणती पायरी केव्हा घ्यायची हे प्रोग्रॅम ठरवत असे, आता ते माउस हातात असलेला माणूस ठरवतो. हिशेब चालू असतानाच कोणीतरी खिडकी बंद करतो, ती खिडकी मेमरीतून जाते आणि मागच्या थ्रेडवरचे, म्हणजे खिडकीबरोबरच समांतर चालणारे, गणित पूर्ण होऊन त्याच जुन्या पत्त्यावर उत्तर लिहायला जाते. याला उपाय सरळ होता. काम संपल्यावर ठरलेले फंक्शन थेट बोलावणाऱ्या साध्या कॉलबॅकऐवजी क्यूटीची निरोप देण्याची पद्धत, म्हणजे सिग्नल आणि स्लॉट, वापरली की खिडकी गेल्याबरोबर जोडणी आपोआप तुटते, आणि खिडकीला हात फक्त मुख्य थ्रेडने लावायचा हा नियमही पाळला जातो.

याहून फसवी चूक रकान्यातील मजकूर जुन्या कोडकडे देताना होत होती. क्यूटीच्या अक्षरमालेचे यूटीएफ-८ मध्ये (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीत) रूपांतर करून तिथल्या तिथे त्याचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, घेतला, तर ते तात्पुरते रूपांतर त्या ओळीच्या शेवटी नष्ट होते आणि पॉइंटर मोकळ्या झालेल्या जागेकडे बोट दाखवत राहतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुनी अक्षरे तशीच पडून असतात, म्हणून आमच्या कार्यालयात सारे सुरळीत दिसायचे आणि ग्राहकाकडे पार्टीच्या नावाच्या जागी कचरा उमटायचा. ही चूक ॲड्रेस सॅनिटायझर या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाने पहिल्याच धडाक्यात दाखवली. जागा कोठे वाचली, कोठे मोकळी केली आणि मुळात कोठे घेतली, हे तिन्ही तो ओळींच्या क्रमांकासह सांगतो. प्रोग्रॅम त्याच्यासह साधारण दुप्पट वेळ घेतो. व्हॅलग्राइंड या तशाच दुसऱ्या साधनाखाली मात्र दहा ते तीस पट वेळ लागतो आणि खिडकी अक्षरशः रांगते. म्हणून व्हॅलग्राइंड आम्ही खिडकीविना, फक्त गणिताच्या भागावर चालवतो.

एका चुकीने मात्र या साधनांनाही दाद दिली नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगाव अशा दोन्ही ठिकाणी युनिट असलेल्या ग्राहकाच्या मेस्त्रींचा फोन आला, "साहेब, शिरोलीचं बरोबर येतंय, पण गोकुळ शिरगावच्या सगळ्या हीटला एकच नंबर कसा काय पडलाय?" तो नंबर होता ४६५००. प्रोग्रॅम बंद पडत नव्हता, इशारा देत नव्हता आणि सॅनिटायझरही गप्प होता.

जुन्या कोडमध्ये युनिटच्या नावासाठी ३२ बाइटची जागा होती आणि तिला लागूनच हीट नंबरचा चार बाइटचा पूर्णांक होता. इंग्रजीत हे नाव १४ बाइटमध्ये बसते, त्यामुळे वर्षानुवर्षे काही बिघडले नव्हते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे अक्षर, काना, वेलांटी यांपैकी प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. "गोकुळ शिरगाव" या नावात अशी ११ चिन्हे आणि मधली एक मोकळी जागा, म्हणजे ३४ बाइट, आणि शेवटचा शून्य बाइट धरून ३५. शेवटच्या "व"चे तीन बाइट, सोळाच्या पायातील अंकांत, ई०, ए४ आणि बी५ असे आहेत. त्यांपैकी पहिला नावाच्या जागेत कसाबसा मावला. उरलेले दोन आणि शून्य शेजारच्या हीट नंबरवर जाऊन बसले. इंटेलच्या प्रोसेसरवर लहान किमतीचा बाइट आधी येतो, म्हणून तो आकडा बी५ए४, अर्थात दशमानात ४६५००, असा वाचला जात होता. "शिरोली"ला १८ बाइट पुरतात, म्हणून ते युनिट सहीसलामत राहिले. दोन्ही रकाने एकाच स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे मेमरीत एकत्र घेतलेल्या गटात, असल्याने ही सारी जागा सॅनिटायझरच्या लेखी वैधच होती. अखेर जीडीबी या चुका शोधायच्या साधनात हीट नंबरच्या पत्त्यावर वॉचपॉइंट, म्हणजे तिथला आकडा बदलताच प्रोग्रॅम थांबवणारी खूण, लावला आणि नाव उतरवणाऱ्या ओळीवरच प्रोग्रॅम थांबला. नाव ३१ बाइटवर कापून टाकावे, ही सूचना आम्ही स्वीकारली नाही, कारण त्यामुळे "गोकुळ शिरगाव"चा "व" गळतो आणि इतर लांब नावांत अक्षर मधोमध तुटून चौकोन उमटू शकतो. ठरावीक मापाच्या साऱ्या जागा काढून त्याजागी प्रमाण लायब्ररीतील, मजकुराप्रमाणे वाढणाऱ्या स्ट्रिंग आणल्या.

या कामानंतर फर्मची दर आकारण्याची पद्धत बदलली. कोणत्याही जुन्या प्रोग्रॅमवर खिडकी बसवण्याचे अंदाजपत्रक आम्ही आता लगेच देत नाही. आधी गणिताचा भाग वेगळा काढून तो सॅनिटायझर व व्हॅलग्राइंडखाली चालवतो आणि या तपासणीचे वेगळे बिल करतो. काही ग्राहक यावर नाराज होऊन दुसरीकडे गेले, आणि ते आम्ही मान्य केले आहे. चाचणीच्या नोंदींत "कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत" हे नाव कायमचे घातले आहे, आणि ते पडद्यावर, छापील चिठ्ठीवर व साठवलेल्या फाइलमध्ये अक्षर न अक्षर जुळल्याशिवाय कोणतीही आवृत्ती उद्यमनगराबाहेर जात नाही.