परतलेल्या लेखकाचे सात अंक

रविवार, रात्र.

‘डेअरडेव्हिल’ या मार्व्हलच्या सुपरहिरो कॉमिक मालिकेचे २२७ ते २३३ हे अंक आज पुन्हा एका बैठकीत वाचले. १९८३ मध्ये मालिका सोडून गेलेला लेखक-चित्रकार फ्रँक मिलर १९८६ मध्ये ‘बॉर्न अगेन’ ही कथा घेऊन परतला, तेव्हा इलेक्ट्रा ही मारेकरी आणि निन्जांचे त्यानेच उभे केलेले जग त्याच्या हाताशी तयार होते. तरीही त्याने सुरुवात केली ती कॅरन पेजपासून, म्हणजे १९६४ च्या पहिल्याच अंकात आलेल्या आणि पुढे मागे पडलेल्या पात्रापासून. नशेच्या एका मात्रेसाठी ती वकील मॅट मरडॉक हाच डेअरडेव्हिल असल्याचे गुपित विकते, ते किंगपिन या गुन्हेगारी सम्राटाच्या हाती पडते, आणि मग बँकेतले पैसे, वकिलीची सनद, राहते घर असे एकेक करून सारे मॅटच्या हातून जाते. शत्रूचे नाव कळल्यावरही किंगपिन लगेच मारेकरी धाडत नाही, तर आधी त्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास पोखरतो. मला यातली ही थंड सावकाशी फार अस्वस्थ करते.

डेव्हिड मॅझुकेली मिलरच्या आधीपासूनच या मालिकेची चित्रे काढत होता. पहिल्या खेपेस मिलरने स्वतः चित्रे काढली होती, या वेळी मात्र त्याने ती संपूर्णपणे मॅझुकेलीवर सोपवली, आणि माझ्या मते हाच त्याचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता. एका अंकाच्या आरंभी मॅट स्वस्त हॉटेलच्या खोलीत अंग आक्रसून पडलेला दिसतो, तर पुढच्या अंकात गल्लीतल्या कचऱ्यात. त्याची घसरण कळायला शब्दांची गरज उरत नाही. पत्रकार बेन युरिक टेलिफोनवरून एका माणसाचा खून होताना ऐकतो, तो प्रसंगही असाच. तिथे आजही मी पान उलटताना थांबलो.

शेवटचे दोन अंक मात्र मला पूर्वीइतके पटले नाहीत. चेहऱ्यावर झेंडा गोंदलेला न्यूक हा सैनिक येतो, पाठोपाठ कॅप्टन अमेरिका येतो, आणि एका माणसाच्या उद्ध्वस्त होण्याची कथा अचानक देशाच्या राजकारणाकडे वळते. त्यातला रोष खरा आहे, पण त्याला स्वतंत्र कथा हवी होती. इतके दिवस ज्याच्या श्वासाशेजारी आपण बसलो, तो मॅट या गदारोळात दूर जातो. तो पुन्हा जवळ येतो थेट शेवटच्या पानावर, डेअरडेव्हिलच्या पोशाखाविना, कॅरनसोबत न्यूयॉर्कमधल्या हेल्स किचन वस्तीच्या रस्त्याने चालताना.